एका बेटराष्ट्राची सज्जता मोजताना: बेलापूरच्या कार्यालयातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

सीबीडी बेलापूरमधल्या एका छोट्या सल्लागार कार्यालयाकडे २०२४ च्या पावसाळ्यानंतर एक काम आले. एका परदेशी गुंतवणूक संस्थेला पॅसिफिक महासागरातल्या लहान बेटराष्ट्रांत हवामान अनुकूलनासाठी पैसे लावायचे होते. आधी कुठल्या देशात जायचे हे ठरवण्यासाठी तिला प्रत्येक देशाची ‘सज्जता’ मोजून हवी होती. त्यातला एक देश आमच्या वाट्याला आला. देशाचे, संस्थेचे, माणसांचे नाव इथे घेतलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

अनुकूलन म्हणजे बदललेल्या हवामानात तगून राहण्याची तयारी. किनाऱ्याचे संरक्षण, खारे न होणारे पिण्याचे पाणी, भरतीच्या रेषेच्या वर उचललेला रस्ता, वादळात छप्पर न उडणारा दवाखाना अशी ही कामे. सौरऊर्जेच्या प्रकल्पात वीज विकून पैसे परत येतात. समुद्रभिंतीचा परतावा म्हणजे न झालेले नुकसान, आणि त्याचे बिल कुणाच्या नावावर फाडणार? म्हणून इथे पैसे देणारा प्रकल्पाइतकाच देशाकडे बघतो. पैसा नीट खर्च होईल का, हिशेब मिळेल का, बांधलेले टिकेल का, हे त्याला आधी जाणून घ्यायचे असते.

अशा देशांवर ओढवणारे संकट किती मोठे असते हे आपल्याला इथून पटकन जाणवत नाही. २०१७ साली मारिया चक्रीवादळाने कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाचे जे नुकसान केले, ते त्या देशाच्या वार्षिक सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २२६ टक्के होते. दोन वर्षांहून अधिक काळाची सगळ्या देशाची कमाई एका रात्रीत गेली. आमचा देश प्रवाळ बेटांचा होता. बहुतेक जमीन समुद्रापासून दोन-तीन मीटर उंचीच्या आतली, आणि सगळे नागरिक मोजले तरी नवी मुंबईच्या एखाद्या मोठ्या नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, मावतील एवढेच.

अडचण

टीओआरमध्ये, म्हणजे कामाच्या अटींच्या कागदात, मागणी साधी होती. शून्य ते एक यांच्यामधला एक अंक द्या. संस्थेने एक किमान अंक ठरवला होता. त्याच्या वर असलेला देश यादीत राहणार, खालचा गळणार.

नमुना म्हणून समोर ठेवला होता तो अमेरिकेतल्या नॉटर डेम विद्यापीठाचा एनडी-गेन निर्देशांक. त्याचे दोन भाग आहेत. देश हवामानापुढे किती असुरक्षित आहे हे ३६ निर्देशकांवरून ठरते आणि गुंतवणूक पचवण्याची त्याची सज्जता ९ निर्देशकांवरून. सज्जतेचे पुन्हा तीन गट पडतात: आर्थिक, शासकीय आणि सामाजिक. जगातल्या बहुतेक देशांना हा साचा बऱ्यापैकी बसतो. आमच्या देशाचे नऊ रकाने भरायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडकलो.

आर्थिक सज्जता ज्यावर उभी आहे तो आधार म्हणजे देशात व्यवसाय करणे किती सोपे आहे हे मोजणारा जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल. २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांतल्या आकड्यांमध्ये गैरप्रकार आढळल्यावर बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये तो कायमचा बंद केला. त्याच्या जागी आलेल्या ‘बी-रेडी’ या अहवालाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाली, पण त्यात फक्त ५० अर्थव्यवस्था होत्या. आमचा देश त्यांत नव्हता.

शासकीय गटात चार निर्देशक आहेत: राजकीय स्थैर्य, भ्रष्टाचारावरचे नियंत्रण, कायद्याचे राज्य आणि नियमनाचा दर्जा. हे आकडे जागतिक बँकेच्या शासनविषयक निर्देशकांतून येतात. त्यांचे मूळ प्रमाण साधारण उणे अडीच ते अधिक अडीच असते, आणि प्रत्येक आकड्यासोबत संभाव्य चूक किती हेही छापलेले असते. भारतासारख्या देशासाठी अनेक सर्वेक्षणे, पतमापन संस्थांची मते, तज्ज्ञांचे अंदाज एकत्र येतात. इवल्याशा बेटराष्ट्राकडे कुणी फारसे फिरकत नाही, त्यामुळे आकडा दोन-चार स्रोतांवरच टेकलेला असतो आणि संभाव्य चुकीचा पट्टा रुंद होतो. आपण मधला अंक उचलतो आणि तो पट्टा टाकून देतो. दोन शेजारी देशांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असले तरी क्रमवारीत एक वर दिसतो, एक खाली.

सामाजिक गटातले दोन निर्देशक तर या देशासाठी जवळजवळ निरर्थक होते. नवोन्मेष मोजायचा पेटंटच्या अर्जांवरून. ज्या देशात पेटंट कार्यालयाला फारसे कामच नाही तिथे शून्य आले, तर त्यावरून लोकांच्या कल्पकतेबद्दल काहीच कळत नाही. शिक्षण मोजायचे उच्च शिक्षणातल्या नोंदणीवरून. पॅसिफिकमधल्या १२ देशांचे मिळून एक विद्यापीठ आहे, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक, आणि त्याचे मुख्य संकुल फिजीत सुवा इथे आहे. इतर देशांची पोरे तिकडे किंवा न्यूझीलंडला शिकायला जातात. मायदेशातली नोंदणी मोजली की देश अशिक्षित दिसतो. खरे तर त्याच्या मंत्रालयातले बहुतेक अधिकारी पदवीधर आहेत, पदवी तेवढी परदेशी आहे.

आमच्या चमूत आकडेवारी सांभाळणारा तरुण होता. त्याने रिकाम्या चौकटी चार वेगवेगळ्या रीतींनी भरून चार शीट केल्या. एकीत प्रदेशाची सरासरी घातली, दुसरीत शेवटचा मिळालेला जुना आकडा पुढे ओढला, तिसरीत रिकामा निर्देशक वगळून उरलेल्यांची सरासरी काढली, चौथीत उत्पन्न आणि लोकसंख्या सारखी असलेल्या देशांवरून अंदाज बांधला. पहिल्या रीतीने देश संस्थेच्या किमान अंकाच्या वर गेला. तिसऱ्या रीतीने खाली घसरला. उरलेल्या दोन रीतींत तो रेषेवर घुटमळत राहिला.

देश तोच आणि आकडेही तेच, पण तो पात्र की अपात्र हे आम्ही कुठली शीट पाठवतो यावर ठरणार होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा होता: प्रदेशाची सरासरी घालायची आणि अंक पाठवून द्यायचा. टीओआरमध्ये तशी मुभा होती. पण जागतिक बँकेच्या वर्गीकरणात ‘पूर्व आशिया आणि पॅसिफिक’ या एकाच प्रदेशात चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि ही प्रवाळ बेटे येतात. टोकियोची छाया पाडून एका बेटाची उंची मोजण्यासारखे ते झाले असते. या रीतीने देशाचा फायदा होत होता हे खरे, पण हाच अंक पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी वेगळ्या रीतीने काढला की देशाची सज्जता ‘घसरली’ असे दिसले असते, आणि त्याची किंमत देशाने मोजली असती.

दुसरा पर्याय काम परत करण्याचा. आकडेच नाहीत तर मोजणार काय, असे चमूतल्या एकाचे स्पष्ट मत होते. मला ते प्रामाणिक वाटले. त्याला उत्तर आमच्या प्रमुख ताईंनी दिले. आपण नाही म्हटले तर संस्था दुसऱ्याकडून अंक घेईल, आणि तो बहुधा तिसऱ्या शीटसारखा असेल. “रिकामी चौकट म्हणजे शून्य नाही रे,” त्या म्हणाल्या, “आपल्याला माहीत नाही, एवढाच तिचा अर्थ. पण वाचणारा ती शून्यच वाचतो.”

तिसरा पर्याय होता अंकाऐवजी पट्टा देण्याचा, म्हणजे चारही रीतींचे निकाल शेजारी-शेजारी ठेवायचे आणि त्याला स्वतंत्र पडताळणीची जोड द्यायची. यात वेळ जाणार होता, आणि संस्थेने मागितलेले उत्तर त्यात नव्हते.

याच चर्चेत एक मूलभूत गोष्ट पुढे आली आणि मला ती या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. एनडी-गेनच्या कर्त्यांनी असुरक्षितता आणि सज्जता या दोन अक्षांवर देशांचा तक्ता मांडला आहे. असुरक्षितता जास्त आणि सज्जता कमी असलेल्या लाल चौकोनातल्या देशांना गुंतवणुकीची सर्वांत जास्त आणि तातडीची गरज आहे, असे ते म्हणतात. आमची संस्था तोच अंक चाळणीसारखा वापरत होती. ज्या देशांकडे आधी धावून जायला हवे, तेच तिच्या चाळणीतून खाली पडत होते. निर्देशांकात दोष नव्हता, त्याच्या वापराची दिशा उलटी झाली होती. हे संस्थेला सांगणे आमच्या कामाचा भाग आहे का, यावर बराच खल झाला. ताईंनी निर्णय घेतला की आहे.

काय केले

तिसरा पर्याय ठरला. पट्टा तयारच होता, खरे काम पडताळणीचे होते.

कागदांपासून सुरुवात केली. देशाच्या सार्वजनिक वित्तव्यवस्थेची पेफा या आंतरराष्ट्रीय पद्धतीने झालेली तपासणी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे वार्षिक अहवाल, अर्थसंकल्प आणि लेखापरीक्षण अहवाल असे सगळे वाचले. पेफामध्ये ‘अ’ ते ‘ड’ अशा श्रेणी असतात आणि प्रत्येक श्रेणीमागचे कारण लिहिलेले असते, त्यामुळे तिथे हवेत गोळीबार होत नाही. लेखे किती महिने उशिरा तपासले गेले, मंजूर खर्चापैकी प्रत्यक्षात किती झाला, खरेदीचे नियम पाळले गेले का, हे त्यातून दिसले.

निर्देशांकाच्या नजरेतून पूर्ण सुटलेली एक गोष्ट इथे सापडली. पॅसिफिकमधल्या काही अतिलहान देशांनी स्वतःचे राखीव निधी कित्येक दशके सांभाळले आहेत. किरिबाटीचा निधी १९५६ साली फॉस्फेटच्या उत्पन्नातून सुरू झाला, तुवालूचा १९८७ साली. ट्यूना मासेमारीच्या परवान्यांसाठी आठ देशांनी मिळून ‘बोटीचा एक दिवस’, म्हणजे एका बोटीने एक दिवस मासे धरण्याचा हक्क, हे माप ठरवले आणि मोठ्या मासेमारी राष्ट्रांकडून भाव वाढवून घेतला. आमच्या देशालाही सार्वजनिक पैसा दीर्घकाळ सांभाळण्याचा अनुभव होता. गुंतवणूक सज्जतेचा याहून थेट पुरावा कुठला? पण नऊपैकी एकाही रकान्यात त्याला जागा नव्हती.

मग माणसांशी बोललो. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेआठ, म्हणून हार्बर लाइनने लवकर निघून कॉल घ्यावे लागत. अर्थ मंत्रालयात हवामान निधीचे काम एक बाई बघत होत्या. ग्रीन क्लायमेट फंड आणि अॅडाप्टेशन फंड या आंतरराष्ट्रीय हवामान निधींचे कागद, दोन विकास बँकांचे अहवाल, सगळे त्यांच्याच टेबलावर. प्रत्येक निधीचा नमुना वेगळा आणि मुदत वेगळी. त्यांचे म्हणणे असे होते की पैसा मिळवण्यापेक्षा पैसा मिळवण्याची पात्रता सिद्ध करण्यातच वर्ष निघून जाते.

ही तक्रार त्या एका देशाची नाही. दक्षिण कोरियातल्या सोंगडो इथून चालणाऱ्या ग्रीन क्लायमेट फंडाचे ठरलेले धोरण आहे की निधीचा अर्धा भाग अनुकूलनाला आणि त्यातला किमान अर्धा लहान बेटराष्ट्रे, अतिअविकसित देश व आफ्रिकी देशांना जावा. पण निधीपर्यंत मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जाता येते. देशाची स्वतःची अशी संस्था नसेल तर संयुक्त राष्ट्रांची एखादी यंत्रणा किंवा विकास बँक मध्ये लागते. तुवालूचा किनारा संरक्षण प्रकल्पही यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास यंत्रणेमार्फत झाला, त्यात फंडाचे ३ कोटी ६० लाख डॉलर होते. मध्यस्थामुळे काम होते, मात्र अनुभव मध्यस्थाच्या गाठीला जमा होतो.

तिसरा धागा अनपेक्षितपणे आमच्याच गावातून आला. चमूत एक निवृत्त स्थापत्य अभियंते सल्लागार होते. प्रस्तावित समुद्रभिंतीचा आराखडा त्यांनी शांतपणे पाहिला आणि त्या तरुणाला विचारले, “अरे, भिंत कोण बांधणार हे सगळ्यांनी लिहिलंय. पाच वर्षांनी दगड निसटला की परत कोण लावणार, ते कुठे आहे?” मग ते नवी मुंबईच्या धारण तलावांबद्दल बोलले. हे शहर खाडीकाठच्या खोलगट जमिनीवर भर घालून उभे राहिले. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावांत थांबते, ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जाते. डच धर्तीची ही योजना हुशारीची आहे. पण तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आणि आता खारफुटीला न्यायालयाचे संरक्षण असल्याने गाळ काढणे हाच एक गुंता होऊन बसला. बांधकामाच्या नकाशात गाळ दाखवत नाहीत, सरांचा मुद्दा एवढाच होता.

त्यांचा प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा अर्थसंकल्प उघडला. भिंती, धक्के, पाण्याच्या टाक्या देणगीदारांच्या पैशातून, भांडवली खर्चात. देखभाल देशाच्या स्वतःच्या चालू खर्चात, आणि तीही इमारती-रस्त्यांच्या एकत्रित मथळ्याखाली. जुन्या समुद्रभिंतीसाठी वेगळी तरतूद दिसलीच नाही. पॅसिफिकमध्ये पायाभूत सुविधांबाबत ‘बांधा, दुर्लक्ष करा, पुन्हा बांधा’ हे चक्र जाणकारांना चांगले ठाऊक आहे, आणि त्याचे मूळ इथे उघडे पडले. शिवाय प्रवाळ बेटावर एका टोकाला उभी केलेली भिंत लाटांचा मारा शेजारच्या किनाऱ्याकडे वळवू शकते. म्हणजे देखभालीचा प्रश्न भिंत संपते तिथे संपत नाही.

अखेरच्या अहवालात आम्ही सज्जता तीन प्रश्नांत फोडली. पैसा मिळवता येतो का? मिळालेला पैसा नियमाने खर्च करता येतो का? बांधलेले राखता येते का? पहिल्यात देश दुबळा, दुसऱ्यात निर्देशांक दाखवतो त्याहून बराच सशक्त, तिसऱ्यात सर्वांत कमकुवत. सोबत चार रीतींचा पट्टा आणि लाल चौकोनाबद्दलची टीप जोडली.

काय झाले

संस्थेची पहिली प्रतिक्रिया थंड होती. अंक कुठे आहे, असे विचारणारा मेल आला. आम्ही पट्ट्याची दोन टोके आणि त्यांमधला फरक कशामुळे पडतो हे एका पानात लिहून पाठवले, मधला अंक दिला नाही. त्यानंतरच्या बैठकीत त्यांच्या गुंतवणूक समितीतच मतभेद झाले, असे आम्हाला कळले. शेवटी देश यादीत राहिला. मोठ्या भिंतीचा प्रस्ताव मात्र मागे पडला. आधी अर्थ मंत्रालयातल्या मनुष्यबळासाठी आणि देखभालीच्या आराखड्यासाठी अनुदान, मग पुढचे, असा क्रम ठरला. भिंत लांबणीवर पडली याचा आनंद मानावा असे मला वाटत नाही. तिथे भरतीचे पाणी घरात येते, आणि थांबण्याची झळ त्या घरांनाच लागते. तरी देखभालीविना भिंत उभी राहिली असती तर तो पैसा आणि ती संधी दोन्ही गेली असती.

अनुदानाची बोलणी चालू असताना अर्थ मंत्रालयातल्या त्या बाई नोकरी सोडून न्यूझीलंडला गेल्या. त्यांच्या जागी काही काळ कुणी नव्हते. आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे चांगले उत्तर बऱ्याच अंशी एका व्यक्तीच्या अनुभवावर उभे होते, हे तेव्हा लख्ख दिसले. पॅसिफिकमधून शिकलेली, अनुभवी माणसे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे सतत जात असतात. तिथल्या कुटुंबांना त्यातून आधार मिळतो आणि कुणी जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण दोनशे माणसांच्या विभागातून एक गेला आणि दोघांच्या विभागातून एक गेला, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

काय वेगळे करता आले असते

किमान अंक कसा ठरला, तो कशासाठी वापरणार, रिकाम्या चौकटींचे काय करायचे, हे सगळे करारावर सही होण्याआधी ठरायला हवे होते. निकाल हाती आल्यावर पद्धतीवर वाद घातला की सल्लागार देशाची बाजू घेतोय असे वाटते, आणि आमच्याबाबतीत तसे काही प्रमाणात वाटलेही.

दुसरे, पदांची गणती. किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, एखादी व्यक्ती गेली तर तिचे काम कोण उचलेल, हे प्रश्न लहान देशासाठी शासकीय निर्देशकांइतकेच महत्त्वाचे आहेत. ते विचारायला सर्वेक्षण लागत नाही, एक फोन पुरतो.

तिसरे, प्रदेशातला भागीदार. न्यू कॅलेडोनियातल्या नूमेया इथल्या पॅसिफिक कम्युनिटी या प्रादेशिक संस्थेकडे बेटराष्ट्रांची स्वतंत्र आकडेवारी असते. ती आम्ही वापरली, पण तिथल्या एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीपासून चमूत घेतले असते तर काही रकाने रिकामे राहिलेच नसते. बेलापूरमधून बजेट वाचता येते, ते कुठल्या बेटावर प्रत्यक्ष खर्च झाले ते कळत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक स्वीकारला. उत्पन्नाच्या पलीकडे जाऊन देश धक्क्यांपुढे किती नाजूक आहे हे तो मोजतो. दरडोई उत्पन्न जरा बरे दिसते म्हणून बेटराष्ट्रांना सवलतीचे कर्ज नाकारले जाते, या जुन्या तक्रारीला त्यातून बळ मिळाले. पण तो सज्जता मोजत नाही, आणि सज्जतेची चाळणी त्याच्यासोबत जशीच्या तशी वापरली तर जुना प्रश्न उरतोच.

सर्वांत जास्त खटकते ते शेवटचे. ज्या देशाबद्दल एवढे लिहिले, त्याला अहवाल संस्थेच्या आधी दाखवता आला नाही. करारात गोपनीयतेची अट होती. ताईंनी परवानगी मागितली तेव्हा फक्त देखभालीचा भाग पाठवायला होकार मिळाला, आणि तो वाचून तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने दोन आकडे दुरुस्त करून पाठवले. बाकीच्या भागांतही असे काही असणारच.

आता पुढच्या बेटराष्ट्राच्या टीओआरमध्ये आम्ही तीन अटी घातल्या आहेत: किमान अंकाचा वापर आधी लेखी ठरेल, अंकासोबत पट्टा छापला जाईल, आणि मसुदा देशाच्या अर्थ मंत्रालयाला पंधरा दिवस आधी जाईल. पहिल्या दोन संस्थेने मान्य केल्या. तिसरीवर बोलणी चालू आहेत आणि ती सुटेपर्यंत ताई सही करणार नाहीत.